सर्वांत शेवटी वाढले जाणारे ताट

कृष्णाकाठ

श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला आपल्याकडे मातृदिन मानतात. त्या दिवशी आई उपवास करते, चौसष्ट योगिनींची पूजा मांडते, खीर-पुरीचा नैवेद्य करते, तो डोक्यावर धरून मागे न पाहता ‘अतीत कोण?’ असे विचारते आणि मागे उभे असलेले मूल ‘मी’ म्हणत ते वाण घेते. म्हणजे जो दिवस तिच्या नावाचा, त्या दिवशीही उपाशी तीच राहते, रांधते तीच आणि मागणे मागते तेही मुलांच्या आयुष्याचे. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आता शुभेच्छांचे संदेशही फिरतात. त्यांना माझा विरोध नाही. परंतु ‘आई थोर असते’ असे म्हटल्याने आपल्या आईने नेमके काय केले हे कोणालाच कळत नाही, पुष्कळदा आपल्यालाही नाही. म्हणून हा धागा काढत आहे. येथे आईची स्तुती न लिहिता तिची एखादी रोजची कृती, तिने न सांगता सोडून दिलेली एखादी गोष्ट, जमेल तितक्या बारकाईने लिहावी, अशी विनंती आहे.

सुरुवात मी करतो. आमचे घर सांगली जिल्ह्यात, खाणारी तोंडे सात. आई भाकऱ्या थापायला बसली की पहिली भाकरी आजोबांच्या ताटात जाई, मग आम्हा भावंडांच्या, मग वडिलांच्या. सगळ्यांची जेवणे उरकली की परातीच्या काठाला चिकटलेले पीठ ती ओल्या बोटांनी खरवडून घेई, डब्यातल्या चिमूटभर पिठात मिसळी आणि त्याची एक लहान, जाडसर भाकरी थापी. ती भाकरी तिची. भाजी उरली असेल तर भाजी, नाहीतर चटणी आणि तेल. कोणी विचारलेच, तर ‘मला जाडच भाकरी आवडते’ हे तिचे ठरलेले उत्तर असे.

दुसरी गोष्ट भिशीची आहे. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भिशीत चिठ्ठ्या टाकत नसत, नंबर आपापसांत ठरवून घेत. दिवाळीचा महिना प्रत्येकीलाच हवा असे, कारण त्या पैशांत साडी होई, एखादा दागिना होई. आई मात्र दरवर्षी जूनचा नंबर मागून घेई. जूनमध्ये शाळा सुरू होत. पुस्तके, गणवेश आणि पावसाळी चपला एकदम घ्याव्या लागत. मी नोकरीला लागेपर्यंत तिने जूनचा नंबर सोडला नाही. तिच्या अंगावर दिवाळीची नवी साडी का नसे, याचे उत्तर त्या भिशीच्या वहीत होते.

गिरणगाव

भिशीचे वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. आमची आई लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत खानावळ चालवीत असे. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याच्या पैशांवर जेवायला येत. पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी त्यांचे डबे तयार लागत, म्हणून आमच्या घरात रात्र संपण्याआधीच स्टोव्ह पेटे. किराणा उधारीवर येई आणि उधारीवरचे व्याज कमाईचा मोठा घास गिळत असे. अशाच खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची उभारणी केली आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. आमच्या चाळीतल्या काही बायकांनी ते कर्ज घेतले, त्यांत आईही होती. कागदावर सही करता यावी म्हणून ती माझ्या पाटीवर आपले नाव गिरवीत बसे.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि आमचे वडीलही त्यांतलेच. संपाच्या गोष्टी आजवर पुष्कळ लिहिल्या गेल्या, त्या बहुतेक फाटकावरच्या आणि सभांच्या आहेत. घरात काय झाले तेही नोंदले जायला हवे. पगार बंद झाला आणि जेवायला येणारी माणसेही हळूहळू गावी निघून गेली, त्यामुळे आईची मिळकत वडिलांच्या मिळकतीबरोबरच आटली. ज्यांच्याकडे तिची बाकी होती, त्यांच्याकडे तिने ती मागितली नाही; उलट निघणाऱ्याच्या हातात वाटेतली शिदोरी म्हणून चपात्या बांधून दिल्या. नंतर ती साड्यांना फॉल लावायचे काम आणू लागली. खोलीत दिवा लावला तर वडिलांची झोप मोडे, आणि त्या दिवसांत त्यांना झोप मुळात कमीच येई. म्हणून ती चाळीच्या गॅलरीतल्या सार्वजनिक दिव्याखाली पाट टाकून बसे. तो दिवा उंचावर होता आणि त्याचा उजेड पिवळा, मंद. गडद रंगाच्या साडीवर गडद दोरा दिसत नाही, म्हणून बोटाने चाचपून ती टाके घाली. माझी शाळा सुटली नाही, बहिणीचीही सुटली नाही. वडिलांना पुन्हा गिरणीत घेतले नाही, त्यानंतर कितीतरी वर्षे घर त्या टाक्यांवर चालले.

परसबाग

दोन्ही प्रतिसाद वाचताना घशाशी आवंढा आला. सविस्तर उद्या लिहीन.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातली. माझे आई-वडील ऊसतोडीला जात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, की ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. दिवाळीच्या आगेमागे मुकादम जोडीच्या नावाने उचल देतो, मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत किंवा त्याहूनही पुढे ती उचल फेडत ऊस तोडायचा. उचल घेताना पैसे वडिलांच्या हातात पडत आणि हिशेबाच्या वहीत नावही त्यांचेच असे. वडील चांगले होते, हे येथे मुद्दाम लिहिते. परंतु त्या वहीत आईचे नाव मी कधीच पाहिले नाही.

तिचा दिवस कोपीत, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या तात्पुरत्या झोपडीत, सुरू होई. बाहेर काळोख असतानाच ती चूल पेटवून दोन्ही वेळच्या भाकऱ्या करून घेई, पाणी आणी आणि उजाडायच्या आत फडात पोचे. वडील ऊस तोडत, ती पाला सोलून मोळ्या बांधी. उसाच्या पाचटाच्या कडा धारदार असतात. मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या हातावर बारीक कापल्याच्या रेघा असत आणि घामाने त्या चुरचुरत. रात्री ती त्यांवर खोबरेल तेल लावी. ट्रक केव्हा येईल याचा नेम नसे. मध्यरात्री आला तरी उठून डोक्यावर मोळी घ्यायची आणि फळीवरून चढून गाडी भरायची. मी लहान असताना उसाच्या सावलीला झोळीत असे, असे थोरली चुलती सांगते.

माझ्या शाळेचे वय झाल्यावर आईने एक गोष्ट ठामपणे सांगितली, की पोरगी फडावर येणार नाही, आजीपाशी राहील. तिच्यासाठी हे सोपे नव्हते. सोबतच्या बायकांच्या मुली पाणी आणायला, धाकट्याला सांभाळायला हाताशी होत्या. आईला ते सगळे एकटीने करावे लागले. उसाच्या शेंड्यांकडचे हिरवे वाढे बांधून ते जनावरांसाठी शेतकऱ्यांना विकायची रीत आहे. मोळ्या बांधून झाल्यावर, इतर बायका टेकत तेव्हा, आई वाढ्यांच्या पेंढ्या बांधी. ते पैसे उचलीत धरले जात नसत, म्हणून तेवढेच तिचे. गावाकडे येणाऱ्या कोणाच्याही हाती ते पैसे माझ्या वह्यांसाठी येत, सोबत निरोप असे: ‘अभ्यास कर, आमची काळजी करू नको.’ आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हंगाम सुरू झाला की माझ्या वर्गातली मुले कमी होऊ लागतात आणि त्यांच्या आयांना थांबवण्यासाठी मी घरोघर जाते. त्या वेळी आईने काय पेलले, हे मला आता पूर्ण कळते.

उंबरठा

मी दोन मुलांची आई आहे आणि बँकेत नोकरी करते. वरच्या प्रतिसादांतल्या प्रत्येक आईपुढे मी मनापासून नमते. तरीही एक वेगळा मुद्दा मांडणे मला आवश्यक वाटते. आईच्या कष्टांना त्याग म्हटले की ते आपोआप तिचे कर्तव्य ठरतात, आणि पुढच्या पिढीतल्या सुनेकडून आणि मुलीकडून तीच अपेक्षा केली जाते. केंद्र सरकारच्या 2019 च्या कालविनियोग सर्वेक्षणात असे दिसले, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या विनावेतन कामासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि घरकामात भाग घेणारे पुरुष 97 मिनिटे. म्हणजे पाच तासांना पाच-सहा मिनिटेही कमी नाहीत, एकच मिनिट कमी. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेलीच नाही, तिची मोजणी वेगळी आहे.

न्यायालयांना या कामाचे मोल ठरवावे लागते ते बाई गेल्यावर, नुकसानभरपाईच्या दाव्यात. जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये गृहिणीच्या सेवेचे मोल महिन्याला 3,000 रुपये धरले होते. 2021 च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरणे म्हणजे तिच्या श्रमाला आणि योगदानाला दिलेली मान्यता आहे, अशी भूमिका घेतली. हे मोल ती जिवंत असताना घरातच ओळखले जावे, इतकेच माझे मागणे आहे. कृष्णाकाठ यांनी वर्णिलेली ती जाड भाकरी वाचताना मला आदर वाटला आणि वाईटही वाटले. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सगळ्यांचे जेवून झाल्यावर उरेल ते खाणे, हे त्यामागच्या कारणांपैकी एक आहे. आमच्या घरी आम्ही चौघे एकाच वेळी पाने घेतो आणि गरम पोळीसाठी कोणीही उठायचे नाही, असा नियम आहे. पोळ्या डब्यात असतात, थोड्या गार होतात. कोणाचे काही बिघडले नाही.

कृष्णाकाठ

उंबरठा ताई, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे आणि तो या धाग्याच्या विषयापासून दूर नाही. आईने सोसले याचा अभिमान वाटणे आणि तिला सोसावे लागू नये असे वाटणे, या दोन्ही भावना माझ्या मनात एकत्र नांदतात. एकीखातर दुसरी सोडावी असे मला वाटत नाही.

सहाटिंब

मी जन्मतः अंध आहे आणि हा प्रतिसाद स्क्रीन रीडरच्या मदतीने टंकत आहे. आमच्या तालुक्यात अंधांची शाळा नव्हती. दूरच्या शहरातल्या निवासी शाळेत मला घालावे, असे सर्वांचे म्हणणे होते आणि पुढे मी तेथे गेलोही. पण पाचव्या-सहाव्या वर्षी मला एकट्याला दूर ठेवायला आईचे मन घेईना, म्हणून तिने आधी स्वतः ब्रेल शिकून घेतली. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे.

ब्रेलची पाटी आणि टोचणी वापरून लिहिणे डोळसांना विशेष अवघड जाते. कागद पाटीत अडकवून मागच्या बाजूने टिंबे टोचायची असतात, त्यामुळे लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशात दिसते तसे उलटे. वाचताना कागद पालटला की ते सुलटे होते. म्हणजे प्रत्येक अक्षराच्या सहा टिंबांच्या दोन मांडण्या डोक्यात ठेवाव्या लागतात. दुपारी घरातली कामे आटोपली की आई बालभारतीचे पुस्तक समोर ठेवून माझ्यासाठी पाने टोचीत बसे. ब्रेलचा जाड कागद महाग असे, म्हणून ती लग्नपत्रिका, जुन्या दिनदर्शिकांची पाने, साड्यांच्या खोक्यांतले पुठ्ठ्यासारखे कागद जमवून ठेवी. एक टिंब चुकले तर अक्षर बदलते. चुकलेले टिंब ती नखाने दाबून सपाट करी. ते सपाट केलेले टिंब माझ्या बोटाला किंचित खडबडीत लागे आणि आईने येथे चूक दुरुस्त केली आहे, हे मला कळे. तिच्या उजव्या हाताच्या तळव्याला, टोचणीची मूठ टेकते तेथे, घट्टा पडला होता. तिचा चेहरा मला माहीत नाही, तो घट्टा मात्र मी कुठेही ओळखेन.

मी निवासी शाळेत गेलो तेव्हा माझे वाचन वर्गातल्या बहुतेक मुलांपेक्षा पुढे होते. सध्या मी सरकारी नोकरीत आहे. आईने टोचलेली पाने मी जपून ठेवली आहेत, काहींची टिंबे आता दबत चालली आहेत.

परसबाग

सहाटिंब दादा, आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार कळवावा.

काल लिहीन म्हटले होते, ते आता लिहिते. मी न्यू जर्सीत राहते. माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी आई नाशिकहून आली. येथे नोकरी करणाऱ्या पुष्कळ मराठी मुलींच्या आया अशाच येतात. पाहुण्यांच्या व्हिसावर साधारण सहा महिने राहता येते, त्या हिशेबाने तिकिटे काढली जातात. ती आली तेव्हा तिच्या बॅगेत स्वतःचे कपडे थोडेच होते. बाकी डिंक, अळीव, खारकेची पूड, बाळंतशोपा, ओवा आणि जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी. जेट लॅग उतरण्याआधीच तिने स्वयंपाकघर हातात घेतले. बाळ रात्री जागे राही, म्हणून ती माझ्या वाटची रात्र जागे आणि पहाटे मला उठवून, अळिवाची खीर देऊन, मग स्वतः आडवी होई. बाहेर बर्फ, ओळखीचे माणूस नाही, एकटीने कुठे जावे तर गाडी चालवता येत नाही. तिने एकदाही ‘कंटाळा आला’ म्हटले नाही.

नाशिकच्या घरी वडील एकटे होते. त्यांच्यासाठी तिने एक वही लिहून ठेवली होती: गॅस सिलिंडर नोंदवायचा क्रमांक कुठे आहे, घरपट्टीची पावती कोणत्या कप्प्यात, रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपतील, कोणत्या डाळीला किती शिट्ट्या, कामवाल्या मावशींचा पगार कोणत्या तारखेला द्यायचा. ती वही मी पुढच्या भारतभेटीत पाहिली. तेव्हाच वडिलांकडून हेही समजले, की तिच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली होती आणि माझ्या तारखेसाठी तिने ती पुढे ढकलली होती. माझ्या बाळाच्या इवल्या नखांना ती हात लावीत नसे, नखे तूच काप म्हणे. त्याचे कारण असे होते.

उंबरठा

परसबाग ताई, ती वही जपून ठेवा. एक घर चालवायला काय काय लागते, याचा इतका नेमका दस्तऐवज दुसरा मिळणार नाही.

सह्यकडा

एक माहिती येथे नोंदवतो. महाराष्ट्र शासनाने 2024 च्या मार्चमध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव, या क्रमाने नोंद करणे बंधनकारक आहे. बालाघाट ताईंनी हिशेबाच्या वहीबद्दल जे लिहिले, ते वाचून याची आठवण झाली. आमच्या नातीच्या जन्मदाखल्यावर तिच्या आईचे नाव असे मधोमध आहे, ते पाहून फार बरे वाटले.

बालाघाट

धन्यवाद, सह्यकडा काका. माझ्या वर्गात ही मुले यायला अजून काही वर्षे आहेत. हजेरीपटावर तो क्रम लिहिण्याची मी वाट पाहत आहे.

औषधवड

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून काम करते. उंबरठा ताईंनी रक्तक्षयाचा विषय काढला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे आई येते ती बहुधा मुलाला घेऊन किंवा सासूला घेऊन. तिच्या डोळ्यांच्या आतली फिकट कड मला समोर बसल्याबसल्या दिसते, पण ‘तुम्हाला काय होतंय?’ विचारले, की ‘माझं काही नाही हो, याचा खोकला बघा’ असे उत्तर येते. जिना चढताना धाप लागते, पाय दुखतात, चक्कर येते, हे सगळे ती दमणुकीवर ढकलते. पुष्कळजणींचे हिमोग्लोबिन आठ-नऊ निघते. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते किमान बारा असावे लागते. 2022 च्या नवरात्रात शासनाने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान काढले, त्यात अठरा वर्षांवरील स्त्रियांची तपासणी होती. तेव्हा मी पाहिले, की ज्या घरांतून मुलगा किंवा नवरा सोबत आला, त्या बाईची तपासणी पूर्ण झाली आणि औषधेही नंतर नियमित नेली गेली. एकटी आलेली बाई मात्र रांग मोठी दिसली की ‘घरी स्वयंपाक राहिलाय’ म्हणून परत फिरे.

म्हणून येथील सर्वांना माझे सांगणे आहे, की आपल्या आईला हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासायला स्वतः सोबत घेऊन जा. चाळिशी उलटली असेल तर स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी कोठे होते, तेही तेथेच विचारा. या सर्व गोष्टी सरकारी केंद्रांत विचारता येतात. लोहाची गोळी दिली गेली तर ती चहाबरोबर घेऊ देऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. गोळी घेण्याच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा नको. लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास चांगले. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून बायका गोळ्या बंद करतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवावे. आणि महिनाभराच्या गोळ्या संपल्या, की पुढच्या आणायला तिला पाठवू नका, तुम्ही या.

कृष्णाकाठ

औषधवड ताई, आभार. आईला शनिवारी घेऊन जात आहे. तिने ‘मला काय झालंय?’ असे म्हणून पाहिले, पण या वेळी ऐकले नाही. चहाचे मात्र कठीण दिसते, कारण तिची गोळीची वेळ आणि चहाची वेळ एकच आहे. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतलेली चालते का, की जेवणानंतर द्यावी?

औषधवड

उपाशीपोटी लोह अधिक चांगले शोषले जाते, पण पुष्कळजणींना मळमळते. तसे झाले तर दुपारच्या जेवणानंतर तासाभराने द्या, तेव्हा चहाची वेळही लांब असते. इतर औषधे सुरू असतील तर त्यांची नावे शनिवारी डॉक्टरांना अवश्य दाखवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर या दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे लागते.